ड्रॅग बंद केलेल्या कार्डावर ब्राउझरची नेहमीची कामं चालू कशी ठेवायची

प्रश्न थोडक्यात असा. नागपूरच्या कळमना बाजारात उतरणाऱ्या संत्र्याच्या गाड्यांसाठी तुम्ही एक बोर्ड बनवला आहे. प्रत्येक गाडीचं एक कार्ड. त्यावर गाडीचा नंबर, ड्रायव्हरच्या मोबाइलची लिंक, काटापावतीचा फोटो, शेरा लिहायची चौकट आणि ‘पट्टी पाहा’ हे बटन (पट्टी म्हणजे विक्रीचा हिशेब). मुनीम सकाळभर कार्डं ओढून गाड्या उतरवायची रांग ठरवतो. पट्टी तयार झाली की रांगेला कुलूप लागतं आणि त्यानंतर कार्ड हलू नये. यासाठी तुम्ही तीन उपाय केले. सीएसएसमध्ये, म्हणजे पानाच्या दिसण्या-वागण्याच्या नियमांत, पॉइंटर-इव्हेंट्स नन दिलं, तर फोनची लिंकच मेली. ते काढून माउसडाउनवर, म्हणजे माउसचं बटन खाली जाण्याच्या इव्हेंटवर, प्रिव्हेंट-डिफॉल्ट लावलं, म्हणजे ब्राउझरला त्याचं नेहमीचं काम करू नको म्हटलं, तर शेऱ्याच्या चौकटीत कर्सर येईना आणि गाडीचा नंबर कॉपी करता येईना. शेवटी ड्रॅगसाठी घेतलेल्या तयार कोडचा, म्हणजे लायब्ररीचा, डिसेबल्ड पर्याय वापरला. संगणकावर सगळं सुरळीत झालं, पण मुनीम म्हणतो, ‘मॅडम, मोबाइलवर यादी सरकूनच नाही राहिली.’

तुम्हाला फक्त रांग बदलणं बंद करायचं आहे. दाबणं, ओढणं, निवडणं, सरकवणं या हालचाली वापरणाऱ्याच्या आहेत आणि त्यांना अर्थ ब्राउझरनं दिलेला आहे. रांग बदलण्यासाठी आपण त्यातली एक हालचाल, दाबून ओढण्याची, उसनी घेतो. कुलूप लागलं की उसनं परत करायचं असतं. तुमच्या पहिल्या दोन उपायांनी परत करायच्या ऐवजी आणखी काही काढून घेतलं, आणि तिसऱ्यात लायब्ररीनं आपलं उसनं फेडलं पण तुमच्या सीएसएसनं फेडलं नाही. म्हणून ‘ड्रॅग कसा अडवू’ यापेक्षा ‘ड्रॅगसाठी मी काय काय बदललं होतं’ याची यादी आधी करा. इव्हेंट लिसनर (इव्हेंट घडला की चालणारा कोड), ड्रॅगेबल हा अ‍ॅट्रिब्यूट, टच-अ‍ॅक्शन (बोटानं सरकवता येतं का), युजर-सिलेक्ट (मजकूर निवडता येतो का), कर्सर, आणि स्क्रीनरीडरला माहिती देणारे एआरियाचे अ‍ॅट्रिब्यूट. बहुतेक बोर्डांवर ही यादी एवढीच असते, आणि यातलं प्रत्येक कुलपाच्या वेळी मूळ जागी गेलं पाहिजे.

पॉइंटर-इव्हेंट्स नन हा उपाय पटकन बाजूला ठेवू. तो घटक माउस आणि बोट या दोघांच्याही दृष्टीनं नाहीसा करतो. क्लिक, उजवं क्लिक, माउस नेल्यावर दिसणारी माहिती, मजकूर निवडायला सुरुवात करणं, सगळं जातं. वर ‘मनाई’चा कर्सर दाखवावा म्हटलं तर तोही दिसत नाही, कारण माउस त्या घटकावर आहे हेच ब्राउझर मानत नाही. कीबोर्डला मात्र हा नियम लागू नाही. टॅब दाबत गेलं की फोकस त्या लिंकवर पोचतो आणि एंटरनं ती उघडते. म्हणजे ज्यांना अडवायचं नव्हतं ते अडले आणि कुलूप म्हणूनही ते पुरं नाही. इनर्ट हा अ‍ॅट्रिब्यूट २०२३ मध्ये फायरफॉक्स ११२ आल्यापासून सगळ्या मुख्य ब्राउझरांत चालतो आणि तो कीबोर्डही अडवतो, पण तो वर डायलॉग उघडल्यावर मागे झाकल्या जाणाऱ्या पानासाठी आहे. वाचायच्या, फोन लावायच्या कार्डावर त्याचं काम नाही.

आता माउसडाउन. इथे जरा थांबू, कारण मी पाहिलेल्या या प्रकारच्या बहुतेक तक्रारी या एका ओळीत सापडल्या आहेत.

माउसचं बटन खाली जातं त्या क्षणी ब्राउझर बरंच काही करतो. दाबलेल्या घटकाला फोकस देतो. आधीच्या घटकाचा फोकस काढतो. मजकूर निवडायला सुरुवात करतो. चौकटीत कर्सर नेमका कुठे ठेवायचा ते ठरवतो. क्रोममध्ये सिलेक्टची यादी याच क्षणी उघडते. स्लायडरचं बोंड याच क्षणी पकडलं जातं. विंडोजवर मधलं बटन दाबून पान सरकवण्याची सोय इथूनच सुरू होते. लिंक किंवा फोटो ओढण्याची तयारीही इथेच होते. प्रिव्हेंट-डिफॉल्ट म्हटलं की यातलं सगळं एकदम थांबतं. ‘फक्त ड्रॅगची तयारी थांबव’ असं सांगायची सोय त्या इव्हेंटवर नाही.

फसायला होतं ते यामुळे की क्लिक मात्र थांबत नाही. बटनं चालतात, चेकबॉक्सवर खूण होते, लिंक उघडते. तपासणारा चार बटनं दाबून ‘ठीक आहे’ म्हणतो आणि दोष बाजारात पोचतो.

त्यातला सगळ्यात महागात पडणारा भाग आधीच्या घटकाच्या फोकसचा आहे. नागपूरजवळच्या वाडीतल्या एका ट्रान्सपोर्टसाठी मी बिल्टीच्या नोंदींचा तक्ता लिहिला होता. ओळी ओढून क्रम बदलायचा, म्हणून प्रत्येक ओळीवर माउसडाउनला प्रिव्हेंट-डिफॉल्ट होतं. भाड्याची रक्कम चौकटीतून फोकस निघाला की चेंज इव्हेंटवर नोंदली जायची. कारकून रक्कम टाइप करायचा आणि थेट त्याच ओळीतलं ‘जतन करा’ दाबायचा. क्लिक चालायचं, पण फोकस चौकटीतून हलायचाच नाही, म्हणून चेंज कधी घडायचाच नाही, आणि जुनी रक्कम जतन व्हायची. स्क्रीनवर नवी रक्कम दिसत असायची. आठवडाभर आम्ही सर्व्हरच्या नोंदी चाळत बसलो होतो. दोष माझ्या त्या एका ओळीत होता आणि त्या आठवड्यात काही ड्रायव्हरांना चुकीचं भाडं दाखवलं गेलं. तेव्हापासून अख्ख्या कार्डावर माउसडाउनचा प्रिव्हेंट-डिफॉल्ट मी कुणाच्याही कोडमध्ये मंजूर करत नाही, कुलूप असो वा नसो.

पॉइंटरडाउन हा माउस आणि बोट दोघांसाठीचा इव्हेंट, त्यावरचा प्रिव्हेंट-डिफॉल्ट वेगळा वागतो. त्यानं मागून येणारे सुसंगततेसाठीचे माउस इव्हेंट थांबतात, क्लिक येतंच, आणि बोटानं सरकवणं त्यानं थांबत नाही. बोट टेकल्याच्या टचस्टार्ट इव्हेंटवरचा मात्र सरकवणं, झूम, क्लिक, कीबोर्ड उघडणं सगळं गिळतो. क्रोम ५६ पासून, म्हणजे २०१७ पासून, विंडो, डॉक्युमेंट आणि बॉडीवर लावलेले टचस्टार्ट आणि टचमूव्हचे लिसनर मुळातच पॅसिव्ह धरले जातात, म्हणजे तिथला प्रिव्हेंट-डिफॉल्ट दुर्लक्षित होतो. जुन्या उत्तरांमधून उचललेला कोड तुमच्याकडे ‘कधी चालतो, कधी नाही’ असा वागत असेल तर हे एकदा पाहा.

मग ड्रॅग अडवायचा कुठे? कार्ड ब्राउझरच्या स्वतःच्या ड्रॅगवर चालत असेल तर दोनच जागा योग्य आहेत. एक, कार्डाचा ड्रॅगेबल ट्रू वरून फॉल्स करणं. दुसरी, ओढणं सुरू होताना येणाऱ्या ड्रॅगस्टार्टवर प्रिव्हेंट-डिफॉल्ट. ड्रॅगस्टार्ट येतो तेव्हा फोकस, निवड, कर्सर ही सगळी कामं होऊन गेलेली असतात, त्यामुळे तिथे अडवलं तर फक्त ओढणं अडतं.

ड्रॅगेबलबद्दल तीन गोष्टी लक्षात ठेवा. त्याच्या किमती तीन आहेत: ट्रू, फॉल्स आणि ऑटो. नुसतं ड्रॅगेबल लिहून किंमत दिली नाही तर ती ऑटो धरली जाते, ट्रू नाही. डिसेबल्डसारखा तो हो-नाही प्रकारचा अ‍ॅट्रिब्यूट नाही. दुसरं, ऑटो असताना फोटो आणि पत्ता असलेली लिंक ओढता येते, इतर साधे घटक नाहीत. तिसरं, आणि इथे तुमचा गोंधळ झाला असावा: फॉल्स आतल्या घटकांना वारशानं मिळत नाही. कार्डाला फॉल्स दिलं तरी आतला काटापावतीचा फोटो आणि फोनची लिंक ऑटोच राहतात आणि ओढल्या जातात. ‘कुलूप लावूनही कार्ड ओढलं जातंय’ असं तुम्हाला वाटलं असेल, तर ते बहुधा कार्ड नव्हतंच, फोटोची अर्धपारदर्शक सावली होती. ती पाहूनच माणूस घाईनं पॉइंटर-इव्हेंट्सकडे वळतो.

फोटो आणि लिंक ओढू द्यायच्या का? माझं मत: कुलूप असताना खुशाल ओढू द्या. मुनीम काटापावतीचा फोटो ओढून दुसऱ्या खिडकीत टाकत असेल, किंवा लिंक ओढून नव्या टॅबमध्ये उघडत असेल, तर त्यात तुमच्या रांगेचं काय बिघडतं? अख्ख्या डॉक्युमेंटवर ड्रॅगस्टार्ट अडवणारे लोक निवडलेला मजकूर एका चौकटीतून दुसरीत ओढण्याची सोयही मारतात. तेव्हा ड्रॅगस्टार्टच्या हाताळणीत आधी पाहा की इव्हेंटचं टार्गेट, म्हणजे तो ज्यावर घडला तो घटक, खरोखर तुमचं कार्डच आहे का. लिंक ओढली असेल तर टार्गेट लिंक असते. निवडलेला मजकूर ओढला असेल तर टार्गेट टेक्स्ट नोड असतो, आणि टेक्स्ट नोडला वरचा घटक शोधणारी क्लोजेस्ट ही मेथड नसते. थेट बोलावलीत तर एरर येऊन तुमची हाताळणी अर्ध्यात तुटते. कार्डाशी सरळ तुलना करणं सगळ्यात सुरक्षित.

याच्या उलट बाजू तुम्ही ड्रॅग ब्राउझरच्या सोयीवर न बांधता पॉइंटर इव्हेंटवर बांधला असेल तेव्हाची. मग चालू अवस्थेत फोटोला ड्रॅगेबल फॉल्स द्यावंच लागतं. नाहीतर बोट किंवा माउस फोटोवरून सुरू झाला की ब्राउझर आपला ड्रॅग सुरू करतो, तुम्हाला पॉइंटरकॅन्सल, म्हणजे ‘ही हालचाल आता तुमची नाही’ असा इव्हेंट, पाठवतो आणि कार्ड मध्येच सुटतं. पण हे फॉल्स कुलपाच्या वेळी काढायला विसरू नका, तेही उसनंच आहे. फोटो मुळात ओढता येतो.

रांग चालू असतानाचीही एक गोष्ट सांगतो, कारण शेऱ्याची चौकट तेव्हाही त्रास देत असणार. ड्रॅगेबल ट्रू असलेल्या कार्डाच्या आतला साधा मजकूर माउसनं ओढून निवडता येत नाही, कारण ती हालचाल कार्ड ओढण्याला गेलेली असते. चौकटीत मजकूर निवडायला जावं तर काही ब्राउझरांत कार्डच उचललं जातं, फायरफॉक्सचा तर याबाबत जुना लौकिक आहे. स्लायडर असेल तर त्याचंही तेच. यावर सगळ्यात स्वच्छ उपाय हँडलचा. कार्डाच्या डाव्या कडेला सहा ठिपक्यांची पकड ठेवा, ड्रॅगेबल ट्रू फक्त तिला द्या, आणि ड्रॅगस्टार्टमध्ये सेट-ड्रॅग-इमेज वापरून सावली मात्र अख्ख्या कार्डाची दाखवा. बघणाऱ्याला कार्डच ओढल्यासारखं वाटतं, आणि कार्डाचा बाकीचा भाग पूर्णपणे ब्राउझरचा राहतो. हँडल असेल तर कुलूप लावणंही सोपं: हँडल काढून टाका, संपलं. परत करायला फारसं काही उरतच नाही. तुमचा बोर्ड नव्यानं लिहायची वेळ आली तर एवढी एक गोष्ट आधी करा.

आता मोबाइल. मुनीमाची तक्रार खरी आहे आणि तिचं कारण जवळजवळ नक्की टच-अ‍ॅक्शन नन हे आहे.

पॉइंटर इव्हेंटवर ड्रॅग करायचा तर टच-अ‍ॅक्शन नन लागतंच, नाहीतर बोट हललं की ब्राउझर पान सरकवायला घेतो आणि तुम्हाला पॉइंटरकॅन्सल देतो. म्हणून ते कार्डाच्या वर्गावर लिहिलेलं असतं. लायब्ररीला डिसेबल्ड सांगितलं तरी तुमच्या स्टाइलशीटमधली ही ओळ तशीच राहते. कार्डांनी सगळी स्क्रीन भरलेली, प्रत्येकावर टच-अ‍ॅक्शन नन, मग बोट ठेवायला सरकवता येईल अशी जागाच उरत नाही. संगणकावर हे कधीच दिसणार नाही, कारण माउसच्या चाकाला टच-अ‍ॅक्शन लागू होत नाही.

त्याचे दोन बारकावे फार छळतात. पहिला, ब्राउझर टच-अ‍ॅक्शन बोट टेकतानाच पाहतो. पॉइंटरडाउनमध्ये किंवा नंतर तुम्ही ते बदललंत तर चालू स्पर्शावर काही परिणाम होत नाही. त्यामुळे ‘ड्रॅग सुरू झाला की नन करू, संपला की काढू’ ही युक्ती चालत नाही. कुलपाच्या स्थितीनुसार आधीच ठरवून ठेवावं लागतं. दुसरा, आतल्या घटकाला ऑटो देऊन सुटका होत नाही. घटकापासून सरकणाऱ्या पेटीपर्यंतच्या सगळ्या पूर्वजांची परवानगी एकत्र पाहिली जाते आणि सगळ्यांनी दिलेली तेवढीच मिळते. कार्डावर नन असेल तर आतल्या फोटोवर काहीही लिहा, तिथून यादी सरकणार नाही. युजर-सिलेक्टचं याच्या उलट आहे: बाहेर नन असलं तरी आत टेक्स्ट लिहून तेवढा भाग पुन्हा निवडता येतो. या दोन गुणधर्मांना एकसारखं समजून लिहिलेलं सीएसएस मी पुष्कळ दुरुस्त केलं आहे.

म्हणून कुलपाचा वर्ग वेगळा ठेवू नका, ‘ओढता येतं’ याचा वर्ग ठेवा. टच-अ‍ॅक्शन, युजर-सिलेक्ट, पकडीचा कर्सर हे तिघं फक्त त्या वर्गाखाली लिहा. कुलूप लागलं की वर्ग काढा. मूळ स्थिती म्हणजे ब्राउझरची स्थिती राहते आणि उलटवायचे नियम लिहावेच लागत नाहीत.

युजर-सिलेक्ट नन सफारीसाठी वेबकिट उपसर्गासह लिहिलं जातं, आणि सफारीत ते चौकटीवर पोचलं तर टाइप करणंच बंद पडल्याचे अनुभव आहेत. त्यामुळे ते चालू अवस्थेतसुद्धा सरसकट कार्डावर न देता, इनपुट, टेक्स्टएरिया आणि मजकूर बदलता येणारे घटक वगळून द्या. आयफोनवर बोट दाबून धरल्यावर येणारा मेनू थांबवणारा वेबकिट-टच-कॉलआउट हाही असाच. ड्रायव्हरच्या नंबरवर बोट दाबून धरून ‘कॉपी’ म्हणणं ही बाजारातली रोजची गोष्ट आहे. ते कुलूप असताना बंद राहिलं तर माणसं नंबर कागदावर उतरवून घेतात, आणि एक आकडा चुकतो.

नागपूरच्या उन्हाबद्दलही सांगायला हवं, कारण तो इथे तांत्रिक मुद्दा आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असताना घामेजलेलं बोट काचेवर स्थिर राहत नाही. साधा स्पर्श करतानाही ते काही पिक्सेल सरकतं. ड्रॅग सुरू करायची मर्यादा तुम्ही १ किंवा २ पिक्सेल ठेवली असेल तर प्रत्येक दाबणं ओढणं ठरतं आणि ‘पट्टी पाहा’ दाबूनही काही होत नाही. माउससाठी विंडोजची मूळ मर्यादा ४ पिक्सेल आहे, तेवढी पुरते. बोटासाठी मी ८ ते १० पिक्सेल ठेवतो, किंवा पाव सेकंद दाबून धरल्यावरच कार्ड उचलू देतो. पॉइंटर-टाइप पाहून दोन्ही वेगळ्या ठेवता येतात. पुढचे पॉइंटर इव्हेंट एकाच घटकाकडे वळवणारं सेट-पॉइंटर-कॅप्चरही ही मर्यादा ओलांडल्यावरच बोलवा. बटन दाबताक्षणी बोलावलंत तर क्लिक आतल्या बटनाऐवजी पकडणाऱ्या कार्डावर जाऊन पडतं. आणि हाताळणीच्या पहिल्याच ओळीत कुलूप, प्राथमिक पॉइंटर आणि डावं बटन तपासा. कुलूप असेल तर काहीही न करता बाहेर पडा. प्रिव्हेंट-डिफॉल्ट नाही, स्टॉप-प्रोपगेशनही नाही.

याला जोडून एक लपलेला दोष. ओढून झाल्यावर येणारं क्लिक गिळण्यासाठी अनेक जण डॉक्युमेंटवर कॅप्चर टप्प्यात, म्हणजे इव्हेंट घटकापर्यंत पोचण्याआधी, एकदाच चालणारा लिसनर लावतात. काही वेळा ओढल्यावर क्लिक येतच नाही. मग तो लिसनर तिथेच बसून राहतो आणि पुढचं खरं क्लिक खातो. रांग बदलल्यावर लगेच कुलूप लागलं तर ते पहिलं क्लिक नेमकं ‘पट्टी पाहा’वर जातं. सेट-टाइमआउट शून्यावर ठेवून तो लिसनर लगेच काढा.

लायब्ररींबद्दल, जेवढं माझ्या हातून गेलं आहे तेवढं. सॉर्टेबलजेएसमध्ये डिसेबल्ड खरा असेल तर ती सुरुवातीलाच बाजूला होते, तिथे अडचण नसते. अडचण फिल्टरमध्ये आहे. काही कार्डंच कुलूपबंद करायची म्हणून फिल्टर दिला की प्रिव्हेंट-ऑन-फिल्टर हा पर्याय मुळात ट्रू असतो, आणि त्या कार्डांवर ती स्वतःच प्रिव्हेंट-डिफॉल्ट बोलावते. चौकटीत कर्सर न येण्याचं हे नेहमीचं कारण. तो फॉल्स करा. जेक्वेरी यूआयमध्ये कॅन्सल नावाचा पर्याय असतो. त्यात मुळात इनपुट, टेक्स्टएरिया, बटन, सिलेक्ट आणि ऑप्शन धरलेले आहेत, पण लिंक किंवा मजकूर बदलता येणारा साधा डिव्ह धरलेला नाही. तो तुम्ही घालायचा, आणि घालताना जुनी यादीही पुन्हा लिहायची, नाहीतर ती पुसली जाते.

अँग्युलरच्या सीडीके या लायब्ररीनं हे चांगलं सांभाळलं आहे. ड्रॅगसाठी टच-अ‍ॅक्शन, युजर-सिलेक्ट आणि वेबकिटचा युजर-ड्रॅग हे घटकावर लावणं आणि ड्रॅग बंद असताना किंवा हँडल वेगळं असताना उठवणं, हे ती स्वतः करते. स्वतःचा ड्रॅग लिहिणाऱ्यानं तिचा हा भाग वाचावा. डीएनडी-किटमध्ये डिसेबल्ड दिलं की लिसनर मिळत नाहीत, ते बरोबर. पण अ‍ॅट्रिब्यूट मात्र येत राहतात. त्यात भूमिका बटनाची असते आणि एआरिया-डिसेबल्ड ट्रू होतं. म्हणजे स्क्रीनरीडर वापरणाऱ्याला अख्खं कार्ड ‘बंद असलेलं बटन’ म्हणून ऐकू येतं, आणि बटनाच्या आतलं सगळं केवळ दिखाऊ धरलं जात असल्यानं फोनची लिंक त्याच्यापर्यंत पोचेलच याची खात्री नाही. कुलूप असताना ते अ‍ॅट्रिब्यूट पसरवूच नका, किंवा मुळात हँडलवरच ठेवा.

एआरियाचा विषय निघालाच आहे तर आणखी थोडं. एआरिया-ग्रॅब्ड आणि एआरिया-ड्रॉपइफेक्ट हे दोन्ही एआरिया १.१ पासून कालबाह्य ठरवले आहेत, असतील तर काढा. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या डब्ल्यूसीएजी २.२ या वेब-सुगम्यतेच्या नियमावलीत २.५.७ हा निकष आहे: जे ओढून करता येतं ते न ओढता, नुसत्या दाबण्यानंही करता यायला हवं. रांग चालू असताना कार्डावर ‘वर’ आणि ‘खाली’ अशी दोन बटनं द्या. आणि कुलूप लागल्यावर तीही बंद करा. माउसचा ड्रॅग बंद पण बाणाची बटनं चालू, असं कुलूप मी पाहिलं आहे. म्हणून कुलपाचा खरा निर्णय सर्व्हरवर हवा. रांग बदलायची विनंती पट्टीनंतर आली तर सर्व्हरनं ती नाकारलीच पाहिजे. हे एकदा पक्कं झालं की समोरच्या स्क्रीनवर वापरणाऱ्याचे हात बांधायची गरजच कमी वाटू लागते.

एक शेजारचा मुद्दा: पावतीचा फोटो चुकून बोर्डावर टाकला तर ब्राउझर पान सोडून तो फोटोच उघडतो, म्हणून लोक विंडोवर ड्रॅगओव्हर आणि ड्रॉप दोन्ही अडवतात. अडवा, पण डेटा-ट्रान्सफरच्या प्रकारांत फाइल असेल तरच, आणि टार्गेट फाइल निवडायचा इनपुट नसेल तरच. नाहीतर शेऱ्याच्या चौकटीत मजकूर ओढून टाकणं आणि फाइलच्या बटनावर फोटो सोडणं, दोन्ही चालू सोयी बंद पडतात.

दोष कुठे आहे ते शोधायला मी हे करतो. कन्सोलमध्ये इव्हेंटच्या प्रोटोटाइपवरची प्रिव्हेंट-डिफॉल्ट ही मेथड तात्पुरती गुंडाळतो: आधी इव्हेंटचं नाव आणि कन्सोल-ट्रेस छापायचं, मग मूळ मेथड बोलवायची. कुलूपबंद कार्डावर एकदा दाबलं की कोणत्या फाइलमधल्या कोणत्या ओळीनं काय अडवलं ते समोर येतं. लायब्ररीच्या पोटात असेल तरी येतं. एचटीएमएलमध्येच लिहिलेलं रिटर्न फॉल्स यात सापडत नाही, ते वेगळं शोधावं लागतं. ट्रेस रिकामा आला आणि तरी काही चालत नसेल तर दोष सीएसएसमध्ये आहे. मग त्या घटकापासून वर चढत प्रत्येक पूर्वजाचं टच-अ‍ॅक्शन, युजर-सिलेक्ट आणि पॉइंटर-इव्हेंट्स ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधल्या ‘कम्प्यूटेड’ पॅनेलमध्ये पाहायचं.

तुमच्या बोर्डावर आता क्रमानं एवढं करा. पॉइंटर-इव्हेंट्स नन आणि माउसडाउनची ओळ, दोन्ही काढा. टच-अ‍ॅक्शन, युजर-सिलेक्ट आणि कर्सर ‘ओढता येतं’ या वर्गाखाली न्या. कार्डाचा ड्रॅगेबल कुलपासोबत फॉल्स करा, फोटो आणि लिंकला हात लावू नका. मग कुलूप लावून एका स्वस्त अँड्रॉइड फोनवर आणि एका आयफोनवर बघा: फोटोवर बोट ठेवून यादी सरकते का, नंबरवर दाबून धरल्यावर कॉपीचा पर्याय येतो का, शेऱ्यात मधल्याच शब्दावर दाबल्यावर कर्सर तिथेच बसतो का. संगणकावर शेरा टाइप करून, दुसरीकडे कुठेही न दाबता, थेट जतनचं बटन दाबा आणि पान ताजं करून शेरा उरला का ते पाहा. लिंकवर कंट्रोल धरून क्लिक आणि मधल्या बटनाचं क्लिक दोन्ही नवा टॅब उघडतात का तेही बघा. हे सगळं झाल्यावर एक दिवस सकाळच्या उतराईच्या वेळी मुनीमाच्या शेजारी उभं राहा आणि त्याच्या फोनवर, त्याच्या बोटानं, पट्टी झाल्यानंतरची यादी त्यालाच सरकवू द्या.